जयसिंगपूरचे ‘आम्ही’

जयसिंगपुरात पत्ता विचारला तर गल्लीचे नाव नव्हे, नंबर सांगतात: सहावी गल्ली, दहावी गल्ली. शाहू महाराजांनी आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ ही पेठ आखून वसवली. राजाच्या शब्दावर उभ्या राहिलेल्या याच गावात १९३९ साली कोल्हापूर संस्थानची प्रजापरिषद भरली. माधवराव बागल आणि शेजारच्या निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची.

या मागणीच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. राज्य कसे चालावे हे राजा ठरवतो. पण ते ठरवण्याचा अधिकार राजाला कोणी दिला?

१७८९ मध्ये फ्रान्सच्या आबे सियेसने याचे उत्तर मांडले. सत्ता दोन प्रकारची: घटना घडवणारी आणि घटनेने घडवलेली. सरकार, कायदेमंडळ, न्यायालय या सगळ्या दुसऱ्या प्रकारात येतात. पहिली सत्ता फक्त राष्ट्राची, म्हणजे लोकांची. उत्तर देखणे आहे, पण त्यात गाठ आहे. लोक कोण? हद्द, नागरिकत्व, मतदारयादी हे सारे घटनेनंतर येते. मग घटना लिहिण्याआधी ‘आम्ही’ म्हणणारे ते कोण असतात?

त्याच १९३९ सालच्या जानेवारीत औंध संस्थानात याच्या नेमके उलट घडले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या ७२ गावांना स्वराज्याची घटना दिली. गावोगावी निवडलेल्या पंचायती आल्या. एवढ्या उदार मनाचा राजा दुर्मीळ, आणि त्या प्रयोगाचे मोल कमी लेखता येणार नाही. तरी ते दान होते. देणारा हात वरच राहिला. जयसिंगपुरात कोणी काही दिले नव्हते. तिथे जमलेल्यांच्या हाती ना मत होते ना कायदा. आजवर ‘प्रजा’ म्हणवणारी माणसे एकत्र बसली आणि राज्य आपले आहे असे बोलली. सियेसच्या कोड्याचे उत्तर मिळालेच, तर ते अशा सभेत मिळते. लोक आधीपासून तयार नसतात, हक्क सांगता सांगता ते लोक होतात.

पुढे रत्नाप्पा संविधान सभेचे सदस्य झाले. संविधानावर त्यांची सही आहे.

इथे मात्र अवघड गोष्ट टाळता येत नाही. ती सभा प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. प्रांतांचे सदस्य मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या कायदेमंडळांकडून आले. संस्थानांच्या प्रतिनिधींपैकी निदान निम्मे निवडून यावेत, एवढीच तडजोड झाली होती. दामोदर स्वरूप सेठ यांनी याच मुद्द्यावर सभेत हरकत घेतली, आणि ती रास्त होती. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेही महाराजांच्या सहीने. विलीनीकरण हवे की नको, यावर कोल्हापुरात मोठा वाद होता, पण सार्वमत झाले नाही. जुनागडला मात्र १९४८ मध्ये ते घेतले गेले. १९४९ च्याच नोव्हेंबरात संविधान स्वीकारले गेले ते ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनी.

म्हणून ते शब्द खोटे ठरतात का? १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींपैकी ७ जणांनी ठरवले की संसदेला घटना दुरुस्त करता येते, तिचा गाभा मोडता येत नाही. म्हणजे संसद कितीही बहुमताची असो, ती घडवलेलीच सत्ता. घडवणारी सत्ता तिच्याबाहेर राहते. कुठे, ते निकालपत्रात सापडत नाही.

सही केली तेव्हा रत्नाप्पा ज्यांच्या वतीने करत होते, त्यांतल्या बहुतेकांनी कधी मत दिलेले नव्हते. शिरोळ तालुक्यातले शेतमजूर, विणकर, घराबाहेर क्वचित पडणाऱ्या बायका यांच्या हाती मतपत्रिका आली ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. उमेदवारांत रत्नाप्पांचेही नाव होते. लोकांनी त्यांना लोकसभेवर धाडले नाही.