दर्शन

नागपुराहून ताडोबाला जाऊन आलेल्या गृहस्थाला विचारावे, "काय पाहिलेत?" पहाटेपासून उघड्या जिप्सीत धूळ खाल्लेला तो बिचारा म्हणतो, "काहीच नाही!" गवे, चितळांचे कळप, तळ्यातल्या मगरी, सारे त्या 'काहीच नाही'त जमा. वाघाचे दर्शन झाले नाही ना! शब्दही देवळातला.

देव तिथे खरोखरच आहे. तळ्याकाठी तारूचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना पडलेल्या गावप्रमुखाचा देव झाला, अशी कथा सांगतात. १९५५ साली या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे आतली काही गावे बाहेर हलविण्यात आली.

त्याच जंगलाच्या कडेला उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला निघालेली बाई, वाघ समोर येऊ नये म्हणून हात जोडते. जनावर एक, मागणी दोन! वाघ राहिलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्या राहण्याची किंमत आपण प्रवेशद्वारावर चुकती केली, असे समजणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आपण देतो ते पाहण्याचे पैसे, जोखीम तिची.

म्हणून वाघ न दिसल्याचा राग गाइडवर काढणारी माणसे पाहिली की वाईट वाटते. तो पोरगा बहुधा तिथल्याच एखाद्या गावचा असतो, आणि पानांच्या दिवसांत त्याची आईही जंगलात गेलेली असते.