अधिकार आणि हक्क : पाणवठ्याच्या निमित्ताने

शास्त्रात 'अधिकार' हा शब्द येतो तो योग्यतेच्या अर्थाने. ज्ञानाचा अधिकारी कोण, संन्यासाचा अधिकारी कोण, असा प्रश्न निरूपणात वारंवार उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर जीवाच्या अनुतापावर, वैराग्यावर, श्रद्धेवर अवलंबून असते. हा अधिकार कमीअधिक असतो. आचाराने वाढतो, प्रमादाने नासतो. अलीकडे 'मानवी अधिकार' असा जो शब्दप्रयोग रूढ झाला आहे त्यातील अधिकार मात्र या जातीचा नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात माणसाची योग्यता विचारलेली नाही. तो माणूस आहे एवढे पुरे मानले आहे. या दुसऱ्या अर्थाला मराठीतील 'हक्क' हा रोजच्या व्यवहारातला शब्दच अधिक बरा. आळशी, व्यसनी, नास्तिक, कोणीही असो, तहान लागल्यावर पाणी पिण्याचा त्याचा हक्क साधुपुरुषाच्या हक्काहून रतिभरही उणा नसतो.

हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले म्हणजे अनर्थ होतो. ज्या वस्तूवर हक्क आहे तीस अधिकार लावला जातो, आणि तहानलेल्याची योग्यता तपासणे सुरू होते. गावोगावच्या आश्रमांत निरूपण आटोपल्यावर जी चर्चा चालते, तीत सामाजिक अन्यायाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "ज्याचे त्याचे कर्म." हे उत्तर शास्त्राला धरून आहे असे वरवर वाटते, म्हणूनच त्याचा विचार नीट केला पाहिजे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हा पंथाचा सिद्धांत सर्वश्रुत आहे. त्यांत जीव हा बद्धमुक्त. अनादी अविद्येने तो बद्ध आहे आणि परमेश्वरकृपेने मुक्त होण्याजोगा आहे. ही जीवाची व्याख्या करताना ब्राह्मणाचा जीव एक आणि मातंगाचा जीव दुसरा, असा भेद कोठेही केलेला नाही. वर्ण, जाती, लिंग ही देहाची लक्षणे होत. देह कर्मामुळे मिळतो हे खरे. परंतु कर्माचे फळ देण्याचे काम सिद्धांताने देवतांकडे सोपविले आहे. गावच्या पाटलाकडे किंवा विहिरीच्या मालकाकडे नव्हे. पूर्वकर्माने एखाद्यास दुःख भोगावयाचे असेल तर ते त्यास भोगविण्याची योजना ज्याच्या हाती आहे तो भोगवील. शेजाऱ्याने त्यात हात घालून घागर अडविली, तर त्याने कोणाचे कर्मफळ दिले असे होत नाही. त्याने स्वतःचे नवे कर्म जोडले, आणि तेही हिंसेचे. ज्या पंथात अहिंसेचे नियम इतके काटेकोर पाळले जातात, त्या पंथाच्या उपदेशी कुटुंबात तहानलेल्यास पाणी नाकारणे हिंसेत मोडते की नाही, असा प्रश्न पडण्याचेच कारण नाही.

हा विचार केवळ तर्काने काढावा लागतो असेही नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी स्त्रियांना संन्यासाचा मार्ग मोकळा केला आणि रजस्वलेच्या विटाळाची कल्पना देहधर्माच्या साध्या विवेचनाने बाजूस सारली. श्रीनागदेवाचार्यांनी ग्रंथरचना संस्कृतात करण्यास मान्यता दिली नाही. तसे झाल्यास मराठीखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे कारण 'स्मृतिस्थळा'त नमूद आहे. येथे सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. त्या वृद्ध स्त्रियांपैकी कोणाचा अधिकार किती, हे आचार्यांनी त्या प्रसंगी मोजले नाही. ज्ञान ऐकावयास मिळणे हा त्यांचा हक्क मानला. ते पचविणे हा पुढचा, अधिकाराचा भाग.

श्रीगोविंदप्रभूंच्या ऋद्धिपूर येथील लीळांत मातंगांच्या विहिरीची लीळा आहे. पाण्यावाचून हाल होत असलेल्या मातंगांनी राउळांना विनविले, प्रभूंनी कृपा करून जागा दाखविली आणि तेथे विहीर झाली. ही लीळा दयेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु चिकित्सक श्रोत्याच्या मनात एक शंका येते : गावात पाणी असताना मातंगांना निराळी विहीर का लागावी? त्यांना त्याच पाणवठ्यावर का नेले नाही? ही शंका अश्रद्धेची नव्हे. अवताराच्या लीळेचे प्रयोजन मनुष्याने ठरवू नये, हे एक उत्तर आहे. पण त्याने शंका मिटत नाही, थांबते फक्त. दुसरे उत्तर असे की, तहान आज लागलेली असते आणि गावाचे मन पालटण्यास पिढ्या जातात. प्रथम पाणी, मग वाद. प्रभूंनी पाणी दिले. गावाचे मन पालटण्याचे काम गावाकडेच राहिले, आणि गावाने ते सुमारे सातशे वर्षे तसेच ठेवले. या विलंबाचा दोष लीळेवर येत नाही. तो ज्यांनी ती लीळा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आणि उठून आपापल्या पाणवठ्यावर गेले, त्यांच्यावर येतो.

जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असल्याचे सांगितले. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सर्व झाले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले तेव्हा त्यांना मारहाण झाली, आणि मागाहून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. तेथे पाण्याची वाण नव्हती. कोणी निराळी विहीर खणून दिली असती तरी तो प्रश्न सुटला नसता, कारण मागणी पाण्याची नसून बरोबरीची होती. पुढे दहा वर्षे दावा चालला. अनादी काळापासून चालत आलेली रूढी, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. ती रूढी तशी सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. 'अनादी' हा शब्द पंथीयांस चांगला परिचित आहे. चार नित्य पदार्थांखेरीज इतर कशासही तो इतक्या सहज लावू नये, हा धडा न्यायालयाकडून मिळावा, यात थोडा विनोदही आहे.

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा कायदा, त्याला १९७६ साली मिळालेले नागरी हक्क संरक्षणाचे रूप, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे त्यापुढील टप्पे. तरीही २०१६ साली विदर्भातील एका मजुराची वार्ता वर्तमानपत्रांत आली. पत्नीला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी नाकारले गेले, म्हणून त्याने रोजची मजुरी सांभाळून चाळीस दिवसांत एकट्याने विहीर खणली. त्याच्या जिद्दीचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण कौतुकाच्या भरात नाकारणाऱ्यास कोणी फारसे विचारले नाही. दुःख सोसणाऱ्याचा पराक्रम गाणे सोपे असते, कारण त्यात ऐकणाऱ्यास काही सोडावे लागत नाही.

आता बहुतेक गावांत नळ आले आहेत, तेव्हा हा विषय जुना झाला, असे म्हणणारे आहेत. नळाने प्रश्नाची जागा बदलली, एवढे खरे. उन्हाळ्यात टँकर गावात येतो तेव्हा तो प्रथम कोणत्या आळीत उभा राहतो; विवाहसमयी पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर कोणाला उभे करतात आणि कोणाला करीत नाहीत; पाणी देताना पेला हातात देतात की वरून ओततात, या बारीकसारीक गोष्टींत तो शिल्लक आहे. त्या कायद्याच्या नजरेस सहसा पडत नाहीत. चार वर्णांत भिक्षा मागणाऱ्या भिक्षूला मात्र त्या दिसतात, कारण तो दारोदार जातो आणि कोणत्या दारी जाऊ नये हे त्याला वाटेत कोण सांगतो, हेही त्याला ठाऊक असते. निरूपणानंतरच्या चर्चेत त्याने हे सांगावे आणि उपदेशी मंडळींनी आपापल्या आळीचे नाव घेऊन त्यावर बोलावे. तेवढ्या वेळापुरता अधिकाराचा विषय बाजूस राहिला तरी चालेल.