सर्वर डाऊन

सहा माणसांचे यूपीआय पिन मला पाठ आहेत. त्यांतला एकच माझा. बाकीचे मी कधी मागितले नव्हते. मालवणजवळच्या आमच्या वाडीत कुणाचा मोबाईल अडला की तो माझ्याकडे येतो आणि त्याच्या मागोमाग पिनही येतो. खळ्यात उभं राहून, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलेला. "रे बाबू, ह्या जरा बघ. काय्येक उघडणा नाय."

मी इंजिनीअर वगैरे नाही. एमएस-सीआयटी केलंय आणि चिडत नाही, एवढ्याच भांडवलावर हे खातं माझ्याकडे आलं. मुंबईकरांचं गणपतीचं तिकीट (आधी १२० दिवस अगोदर मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस, तरी मिळत नाही ते नाहीच), सातबारा, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि वाडीतल्या अर्ध्या बायकांचे फॉर्म मी भरले. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी 'मला मान्य आहे' असा चौकोन असतो. त्यावर टिक मीच केली. त्यांना काय मान्य होतं, ते मीही वाचलं नव्हतं.

काकीच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये यायला लागले. गेल्या जुलैत काकीचा मोबाईल माझ्याकडे होता, स्टोरेज भरलं होतं म्हणून. काका आले, बाजूला बसले. "बायच्या खात्यात किती जमले, ता बघ मा."

काका खलनायक नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडीचं इंजिन खोललेलं, हंगाम तोंडावर. पैसे दारूला नको होते. बॅलन्स दिसायला पिन लागतो आणि तो मला येत होता. शिवाय दर महिन्याला त्या खात्यातून ५०० रुपये कुणाच्या नावावर जातात, तेही मला माहीत होतं. ते नाव मी इथेही लिहिणार नाही.

मी म्हटलं, "सर्वर डाऊन आहे."

काका लगेच उठले. या वाक्यावर कोणी शंका घेत नाही. सरकारी कचेरीत इतक्या वेळा ऐकलेलं असतं.

त्या रात्री मला स्वतःबद्दल जरा बरंच वाटलं. गुपित राखलं, बाईमाणसाचे पैसे वाचवले. मग आजीची आठवण आली. आजोबा मुंबईला गिरणीत. त्यांची मनिऑर्डर यायची आणि फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर असायचा, तो पोस्टमन पडवीत बसून वाचून दाखवायचा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा वाडीत कुणाकुणाची मनिऑर्डर थांबली हे सगळ्यांत आधी त्यालाच कळलं असणार. आजी सांगते, त्याच्या तोंडून एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी कधी गेली नाही.

पण तो आणि मी एक नाही. त्याच्या मागे खातं होतं, नियम होते. माझ्यामागे काय आहे? वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला, त्यातून घरगुती कामासाठी माहिती हाताळणारी व्यक्ती वगळलेली आहे. म्हणजे भाचा, पुतण्या, शेजारचा बाबू. बरोबरच आहे म्हणा, पुतण्यांसाठी कायदा कोण करणार? दुसरा फरक मोठा. पोस्टमन आलेलं वाचायचा. त्याला आजीच्या वतीने काही करता येत नव्हतं. मला काकीचे सगळे पैसे एका मिनिटात कुठेही पाठवता येतात. तिने मला डोळे उसने मागितले होते, आणि मी सोबत हातही घेऊन बसलो.

म्हणून चार दिवसांनी मी तिला सांगून टाकलं. काकांनी विचारलं होतं, मी असं असं म्हटलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. काकी सोलं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "आधी माका इचारूचा मा रे."

एवढंच. आवाज चढला नाही. पण मला ती टिक आठवली. काकांना आकडा सांगितला असता तर तो तिच्या वतीने घेतलेला निर्णय ठरला असता, हे मला कळत होतं. लपवला तोही तसाच होता, हे कळलं नव्हतं. कदाचित तिने इंजिनाला पैसे दिले असते. कदाचित हिशेब मांडून भांडली असती. ते भांडण तिचं होतं. मी त्यात चांगुलपणा करून गेलो. आणि गंमत म्हणजे पुढे काय झालं, तिने पैसे दिले की नाही, हे मी विचारलं नाही. होडी ऑगस्टमध्ये पाण्यात गेली.

मी ठरवलं, काकीचा पिन आपल्याला माहीत असता कामा नये. तिला शेजारी बसवलं, पिन बदलायचं पान उघडून दिलं, "आता मनातले चार आकडे घाल, मला सांगू नको," म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ लागला. एकदा चुकलं, पुन्हा घातलं. मग मोबाईल टुणकन वाजला.

"झाला," काकी खूश होऊन म्हणाली. "तुझ्या वाढदिवसाची तारीख घातलंय. म्हणजे तू इसारशीत नाय."