वृद्ध वृक्षाचे दर्शन

प्राचीन वृक्षाच्या दर्शनात पुण्य असेल, तर ते कशाचे? झाडाच्या वयाचे, त्याच्या जातीचे, की माणसांनी त्याच्याशी जोडलेल्या स्मृतीचे? कॅलिफोर्नियातील 'जनरल शर्मन' हा सेकोया वृक्ष सुमारे ८४ मीटर उंच आहे आणि त्याचे वय दोन हजार वर्षांच्या पुढे मानले जाते. त्याच्याकडे लोटणारी गर्दी सहलीची म्हणावी की यात्रेची, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. त्यासाठी अमेरिकेलाच गेले पाहिजे असे नाही. हैदराबादच्या जामबागेत, विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या आसपास मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. तिथून दहा-बारा किलोमीटरवर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात एक प्रचंड गोरखचिंच उभी आहे. हैदराबादी लोक तिला 'हतियां का झाड' म्हणतात.

हे झाड मूळचे आफ्रिकेचे. त्याचे बी समुद्रमार्गे अरब व्यापाऱ्यांबरोबर किंवा फकिरांबरोबर आले असावे, असे मानतात. बुंध्याचा घेर २५ मीटरांहून अधिक आणि वय चारशे वर्षांच्या वर सांगितले जाते. १६५६ सालच्या मोगली वेढ्यानंतर अब्दुल्ला कुतुबशहाने हा भाग तटबंदीत घेतला, म्हणजे झाड बहुधा तटाहून थोरले. साल करड्या रंगाची, गुळगुळीत आणि घड्या पडलेली. खोड आतून पोकळ असून पोकळीत माणसे सहज उभी राहतात. त्यामुळे चाळीस चोर तिथे लपत असल्याची गोष्टही रूढ झाली. मराठीत मात्र या आफ्रिकी पाहुण्याला थेट गोरखनाथांचे नाव मिळाले आहे. परके झाड आपलेसे करण्याची ही रीत शास्त्रार्थापेक्षा जुनी असावी.

आता वयाचा मुद्दा. केवळ दीर्घायुष्य म्हणजे पावित्र्य, असे भारतीय परंपरा क्वचितच म्हणते. गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व वृक्षांत अश्वत्थ ही भगवंताची विभूती सांगितली आहे, तर पंधराव्या अध्यायात मूळ वर आणि फांद्या खाली असलेला तोच अश्वत्थ असंगाच्या शस्त्राने छेदायला सांगितला आहे. पूजायचा वृक्ष आणि तोडायचा वृक्ष एकच कसा? ज्ञानेश्वरांनी पंधराव्या अध्यायात या वृक्षावर, म्हणजे संसारावर, मोठा विस्तार केला आहे. समुद्राचे पाणी एकीकडून ढग उपसतात, दुसरीकडून नद्या भरतात, म्हणून तो कधी आटलेला दिसत नाही. संसारवृक्षाचे अविनाशीपणही तेवढेच, असा त्यांचा आशय आहे. नाश इतका अखंड चालतो की वृक्ष टिकल्यासारखा भासतो.

वनस्पतिशास्त्र हे वर्णन फारसे खोडत नाही. थोर झाडाचे बरेचसे लाकूड मृत असते. खोडात वाढीचे काम सालीखालचा एक पातळ थर करतो, आणि तोही सतत नव्या पेशी घडवत जुन्या मागे टाकतो. पोकळ खोडात तर सर्वांत जुने लाकूड बऱ्याचदा उरलेलेच नसते. मग चारशे वर्षांचे नेमके काय उरले? बौद्ध परंपरेने याचे उत्तर सरळ दिले. बोधगयेचा आजचा बोधिवृक्ष एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि श्रीलंकेतील अनुराधापूरचा वृक्ष मूळ वृक्षाच्या फांदीपासून वाढल्याचे मानतात. दोन्ही ठिकाणी नमस्कार होतो तो लाकडाच्या वयाला नव्हे, परंपरेच्या धाग्याला.

झाडाला जीव आहे का, हा वादही जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज शंका काढतात की झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, मग ती पंचमहाभूतांची कशी? भृगू एकेक दाखला देतात. उष्णतेने पाने कोमेजतात, म्हणून स्पर्श आहे. गडगडाटाने फळे-फुले गळतात, म्हणून श्रवण आहे. वेल वाट काढत आधाराला विळखा घालते, म्हणून दृष्टी आहे. कमळाचा देठ तोंडाने पाणी ओढावे तशी मुळे पाणी ओढतात. सुखदुःख जाणवते आणि तोडलेल्या जागी पुन्हा फूट येते, म्हणून जीव आहे. यातली बरीच निरीक्षणे पक्की आहेत. त्यांतून काढलेले सगळे निष्कर्ष आज कोणी मान्य करणार नाही. जैन विचाराने वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानून अहिंसेच्या कक्षेत आणले. मराठी घरांतली वटपौर्णिमा या कसोटीवर अडखळते. व्रत दीर्घायुषी वडाच्या पूजेचे, आणि शहरात पूजेला येते ती बाजारातली तोडलेली फांदी.

उरली स्मृती, आणि मराठी भाविकाची खरी श्रद्धा इथेच बसते. आळंदीच्या अजानवृक्षाचे मोठेपण वयात नाही. त्याचे मूळ समाधिस्थ ज्ञानेश्वरांच्या गळ्याशी गेल्याचा दृष्टान्त एकनाथांना झाला आणि ते पैठणहून आळंदीला गेले, ही कथा त्याच्यामागे उभी आहे. जामबागेतून तर पायी जाता येईल इतक्या अंतरावर, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, एक चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला तेव्हा सुमारे दीडशे माणसे तिच्या फांद्यांवर चढून वाचली. तिच्यासाठी कोणत्याही पुराणाची गरज पडली नाही. या शहरात दर्शनाचा पहिला मान वयाने थोर गोरखचिंचेला नव्हे, या चिंचेला द्यावा.

स्मृती आणि जीव हीच दर्शनाची कारणे असतील, तर दर्शनाचा बेतही त्यांना धरून आखावा लागतो. सेकोयाची मुळे फार खोल जात नाहीत; हजारो पावलांनी माती दाबली गेली की त्यांना हवा-पाणी कमी पडते, म्हणून मोठ्या वृक्षांभोवती कुंपण घालतात. २०२१ च्या वणव्यात जनरल शर्मनचा बुंधा अग्निरोधक आवरणात गुंडाळावा लागला. हैदराबादहून शंभरेक किलोमीटरवर, महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री हा कित्येक शतकांचा वड वाळवीने पोखरला, तेव्हा २०१८ मध्ये सलाइनसारख्या बाटल्या लटकवून त्याच्या खोडात औषध सोडावे लागले आणि लोकांना दूर ठेवावे लागले. बुंध्याला हात लावल्याशिवाय दर्शन पुरे होत नाही, ही समजूत झाडाच्या मुळावर येते. प्रदक्षिणा कुंपणाबाहेरून घालावी, पोकळीत दिवा लावू नये, सालीवर नाव कोरू नये. भृगूंचे म्हणणे मान्य करणाऱ्याला यात जड जाण्यासारखे काही नाही.

ऋतूही पाहून जावे. गोरखचिंच उन्हाळ्यात बराच काळ निष्पर्ण असते, आणि तेव्हा तिच्या खोडाचा आकार पूर्ण दिसतो. पाने पावसाळ्यात येतात. लोंबती पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागीभवन करतात. नया किल्ल्याच्या आवारात गोल्फचे मैदान झाल्यापासून तिथल्या प्रवेशावर निर्बंध असतात. म्हणून जामबागेतून निघण्याआधी परवानगीची चौकशी करावी. ती मिळाली नाही, तर उस्मानियाची चिंच आहेच.