व्यासपीठ देवाचे, मत ज्याचे त्याचे



झाशीच्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये मणिकर्णिकेचा गंगाधररावांशी विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. याच शहरातल्या मराठी घरातले रघुनाथ विनायक धुळेकर संविधान सभेचे सदस्य होते. १९५२ मध्ये ते पहिल्या लोकसभेत निवडून गेले. देवाची सेवा आणि देशाचे काम, दोन्ही आपल्याला परकी नाहीत. प्रश्न आहे तो मर्यादेचा.

समजा, निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार आरतीला आले. दर्शन घेतले, प्रसाद घेतला. इथवर काहीच वावगे नाही. देवाचे दार सर्वांना उघडे आहे. मग कोणी हळूच म्हणाले, "यांना दोन शब्द बोलू द्या, सभामंडपाचे छप्पर करून देणार आहेत." आपली परीक्षा तिथे असते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणाऱ्या १९८८ च्या कायद्यानुसार संस्थेची जागा, पैसा, उत्सव किंवा मेळावा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तर, अमुक केले नाही तर देवाचा कोप होईल अशी भीती मतदाराला घालणे हाही भ्रष्ट आचार मानला आहे. धर्माच्या नावाने मत मागण्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने सांगितले, की उमेदवाराचा असो वा मतदाराचा, कुणाच्याही धर्माच्या आधारे आवाहन करता येणार नाही.

पण केवळ शिक्षेच्या भीतीने पाळलेली मर्यादा फार दिवस टिकत नाही. आपल्या सत्संगात शेजारी-शेजारी बसणारे दोघे वेगवेगळ्या पक्षांना मत देतात. व्यासपीठावरून एका पक्षाचे नाव निघाले, की दुसरा साधक मनातून उठून जातो. तो कदाचित पुढच्या आठवड्यात येणारच नाही. छप्पर मिळाले आणि माणूस गेला, तर त्या मंडपाचा काय उपयोग?

मग आपण गप्प बसायचे का? मुळीच नाही. करण्यासारखे पुष्कळ आहे.

सत्संगानंतर मतदार यादीत नाव आहे का ते एकमेकांना तपासून द्या. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा फॉर्म ६ भरून घ्या. अडचण आली तर १९५० हा क्रमांक आहे. २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, निर्भयपणे मत देण्याचा संकल्प सर्वांनी मिळून करा. २०२४ मध्ये झाशीत २० मे रोजी, ऐन उन्हाळ्यात मतदान झाले. अशा वेळी एखाद्या आजोबांसोबत रांगेत उभे राहणे हीसुद्धा सेवाच. मात्र मत कुणाला, हे त्यांना विचारू नका आणि सुचवूही नका.

नागरिक म्हणून तुम्ही पक्षाचे काम करा, प्रचार करा, निवडणूकही लढवा; तो तुमचा हक्क आहे. फक्त तेव्हा संस्थेचे नाव, बिल्ला आणि सत्संगाचा व्हॉट्सॲप ग्रुप बाजूला ठेवा.

आणि ते उमेदवार पुन्हा आले, तर प्रेमाने हातावर प्रसाद ठेवा. ध्वनिक्षेपक मात्र भजनासाठीच असू द्या.