वीव्हरची शिट्टी

न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावाला १९६२च्या उन्हाळ्यात बेसबॉलच्या एका डावखुऱ्या पिचरचं वेड लागलं होतं. स्टीव्ह डालकोव्स्की, डोळ्यांवर चष्मा, अंगाने बेताचा. पण इतका वेगवान चेंडू आयुष्यात पाहिला नाही, असं त्याच्यासमोर बॅट धरलेले कितीतरी जण सांगत. एल्मायराचा संघ म्हणजे मेजर लीगमधल्या बाल्टिमोर ओरिओल्सची तालीम. पोरं इथे घडवायची आणि वर धाडायची.

गाव मात्र घडणं बघायला येत नव्हतं. एखादा चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीवर आदळावा, बॅटवाल्याने जीव मुठीत धरून मागे उडी मारावी, यासाठी लोक तिकीट काढत. लोखंडी सामानाचा एक दुकानदार तर पहिल्या रांगेतून ओरडायचा, “अजून जोरात, पोरा!” शेजारी एक निवृत्त शिक्षिका मांडीवर स्कोअरची वही घेऊन बसत.

“स्टॉकटनच्या संघात १७० इनिंग्जमध्ये २६२ जण स्ट्राइकआउट!” १९६०चा हा आकडा दुकानदाराला तोंडपाठ होता.

“आणि चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर धाडले, तेही २६२च,” बाई म्हणत.

मग हटकून ॲबर्डीनची गोष्ट निघायची. १९५८ साली मेरीलँडमधल्या त्या लष्करी तळावर त्याचा वेग मोजला, तर ताशी साडेत्र्याण्णव मैलच भरला. आदल्या दिवशी तो सामना खेळला होता, पायाखाली पिचरचा उंचवटाही नव्हता. आणि मुख्य म्हणजे, चेंडू यंत्राच्या टप्प्यातून जाईचना! जाईपर्यंत दंड थकला. दुकानदार यंत्राला शिव्या घालायचा. बाईंना हसू आवरत नसे.

त्या वर्षी संघाची सूत्रं अर्ल वीव्हरकडे होती. पुढे ओरिओल्सचा मोठा मॅनेजर म्हणून गाजला, तोच. आजवर त्या पोराला प्रत्येकाने ढीगभर उपदेश केला होता. वीव्हरने तो आटोपता घेतला. जोर आवरून मधोमध टाक. दोन स्ट्राइक झाले, बॅटवाला बाद व्हायला एकच उरला, की मी शिट्टी वाजवेन, मग सोड जीव खाऊन. मोसम संपला तेव्हा १६० इनिंग्जमध्ये फुकट बेस मिळालेले ११४ होते. थोडे नव्हेत, पण त्याच्या मानाने नवलच.

दुकानदार वैतागला. “पोराची हवाच काढली हो!”

“हवा आहे तिथेच आहे,” बाई वही लिहितालिहिता म्हणाल्या. “तो शिट्टीची वाट बघायला शिकला. तुम्हाला कधी जमायचं?”

मार्च १९६३. मुख्य संघातली त्याची जागा जवळजवळ ठरलेली, आणि मोसमापूर्वीच्या सामन्यात कोपर दुखावलं. तो वेग पुन्हा आला नाही. मेजर लीगचा एकही सामना न खेळता तो १९६५नंतर या खेळातून बाहेर पडला.

दुकानात मात्र त्याच्या गोष्टी चालूच राहिल्या. एका चेंडूने लाकडी कुंपणाची फळी फोडली, दुसऱ्याने अंपायरचा मुखवटा. एकदा एका पोराने विचारलं, “मग तो वर का नाही गेला?”

“नशीब! कोपर गेलं ना ऐनवेळी.”

बाई खिळे घ्यायला आल्या होत्या. “कोपर गेलं ते सातव्या वर्षी,” त्या म्हणाल्या. “आधीची सहा वर्षं गावोगावची माणसं त्याला काय ओरडून सांगत होती, तेही सांगा की पोराला.”

“खिळे किती देऊ?” दुकानदाराने विचारलं.