अभय आणि अधिकार

निर्वासित मुलाला शाळेत घेणे ही दया आहे की न्याय, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलाचे वर्गातील स्थान ठरते. भारतीय परंपरेत शरणागताला, म्हणजे आश्रय मागत आलेल्याला, अभय देणे हा श्रेष्ठ धर्म मानला आहे. मात्र त्या धर्माच्या दोन पायऱ्या आहेत. महाभारतातील शिबिराजा कबुतरासाठी स्वतःचे मांस तोलून देतो, आणि तेथे प्रधान आहे ते आश्रयदात्याचे व्रत. रामायणात मात्र सुग्रीवाचा विरोध असतानाही राम बिभीषणाला आश्रय देतो, आणि तेवढ्यावर न थांबता त्याला लंकेचा राजा म्हणून अभिषेक करवून त्याचे स्थान मान्य करतो.

शाळेचे कर्तव्य या दुसऱ्या पायरीवरचे आहे. १९३३मध्ये जर्मनी सोडावी लागलेल्या राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांनी १९५१मध्ये असे प्रतिपादन केले की, राज्याचे सदस्यत्व गमावलेला माणूस हक्क असण्याचा हक्कच गमावून बसतो. त्याच वर्षीच्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे २२वे कलम प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना स्वदेशीय नागरिकांसारखीच वागणूक देण्यास सांगते. भारत त्या कराराचा सदस्य नाही. तथापि २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालका’विषयी बोलतो आणि वयाचा दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यास मनाई करतो.

तरीही समान वागणूक म्हणजे एकसारखी वागणूक नव्हे. ज्याचे शिक्षण मध्येच तुटले आहे आणि ज्याला वर्गाची भाषा येत नाही, त्याच्यापुढे इतरांचीच प्रश्नपत्रिका ठेवली, तर भाषेच्या अडचणीला बुद्धीची उणीव समजले जाते. म्हणूनच हा कायदा शाळाबाह्य बालकाला वयानुरूप वर्गात बसवून, इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही देतो. कोल्हापूरजवळ वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांच्या मुलांसाठी पोलिश भाषेत शाळा चालत. मायदेशी परतण्याची आशा होती तोवर ते योग्यच होते. जेथे परतीची वाट बंद आहे, तेथे मात्र मातृभाषेचा आदर आणि स्थानिक मुलांसोबतचा वर्ग ही दोन्ही एकाच वेळी साधावी लागतात.

दया दात्याच्या मर्जीनुसार कमी-अधिक होते, अधिकार तसा होत नाही. म्हणून निर्वासित मुलाचे पटावरील नाव हा समाजाने त्याच्यावर केलेला उपकार नसून, समाजाने त्याला देणे असलेले ऋण आहे.